यादी आणि माणूस



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात हुशार मुलांचे कौतुक फार बेताने होत असे, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. तेव्हा आज हुशार मुलांविषयीच बोलावयाचे मी ठरविले, ते औचित्यास धरून आहे की नाही याचा निवाडा आपण करावा. परीक्षेत नापास होणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेही पाहिजे. परंतु जी मुलगी किंवा जो मुलगा वर्षानुवर्षे पहिला क्रमांक घेऊन घरी येतो, त्याच्याविषयी चिंता करण्याजोगे काही असू शकेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. त्याचे सर्व यथास्थित चालले आहे असे गृहीत धरून घर, शाळा आणि शेजार निर्धास्त असतात. हा निर्धास्तपणा अस्थानी आहे असे माझे मत आहे. परीक्षेतील यश आणि स्वतःच्या जिण्याची किंमत या दोन निराळ्या रकमा ज्या मुलांच्या बाबतीत लहानपणापासून एकाच खात्यावर मांडल्या गेल्या, त्यांच्या हिशेबाची फारकत कशी करावी, एवढाच प्रश्न मी आज घेणार आहे.

हा प्रश्न आजच्या कोचिंग क्लासांनी निर्माण केला अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही, आणि म्हणूनच थोडे मागे जाणे भाग आहे.

१८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणित ट्रायपॉस परीक्षेची गुणानुक्रमे यादी जाहीर झाली, तेव्हा तिच्या अग्रभागी एक नाव नव्हते, दोन नावे कंसाने जोडलेली होती. त्यांपैकी एक पेम्ब्रोक कॉलेजचे बर्टविसल यांचे, आणि दुसरे सेंट जॉन्स कॉलेजचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. दापोलीजवळच्या मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेला, धोंडो केशव कर्व्यांच्या नात्यातला आणि त्यांच्याच छत्राखाली वाढलेला हा तरुण सीनियर रँग्लर, म्हणजे यादीत अग्रस्थानी, येणारा पहिला हिंदी मनुष्य ठरला, आणि पारतंत्र्याच्या त्या काळात या वार्तेने येथील सुशिक्षितांची छाती किती फुगली असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. ज्या यादीचा हा महिमा, ती अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापली जात होती. सेनेट हाउसमध्ये नावे मोठ्याने वाचली जात. पहिल्या आलेल्याच्या तसबिरी दुकानांतून विकल्या जात. आणि ऑनर्सच्या यादीत तळाशी आलेल्या विद्यार्थ्यापुढे पदवीदानाच्या वेळी सज्जातून दोरीने भलामोठा लाकडी चमचा सोडण्यात येई. शिकवणीचा धंदा तेथे इतका भरभराटीस आला होता की एडवर्ड राउथ नावाच्या एका खासगी शिक्षकाच्या हाताखालून विसाहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. स्त्रियांना या यादीत स्थानच नव्हते. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचे गुण सर्वांहून अधिक भरले, तेव्हा ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढेच वाचून दाखविण्यात आले, आणि पदवी द्यावयाची त्या विद्यापीठाला स्त्रियांच्या बाबतीत १९४८ पर्यंत सवड झाली नाही. यादीत कोण पहिला आहे हे सांगणाऱ्या यादीला, यादीत कोणाला घ्यावयाचे हे मात्र कोणी विचारत नसे.

परांजप्यांच्या चरित्रातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्या क्रमांकाच्या अलीकडची आहे. शिष्यवृत्ती घेऊन विलायतेस जाण्यापूर्वीच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे, म्हणजे तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन कॉलेजात शिकविण्याचे, त्यांनी ठरविलेले होते. क्रमांक आला, मोठमोठ्या हुद्द्यांची दारे उघडली, गृहस्थ परत येऊन १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुढे सुमारे दोन दशके तेथेच राहिले. त्यांच्या त्यागाचे गोडवे पूर्वी पुष्कळ गायिले गेले आहेत. माझा रोख त्यागावर नाही. आपण कोणासाठी आणि कोठे उपयोगी पडावयाचे याचा निर्णय त्यांनी यादी लागण्यापूर्वी केला होता, म्हणून यादीने त्यांना काय करावे हे सांगितले नाही, एवढेच मला नमूद करावयाचे आहे. समाजाने मात्र आपला हिशेब सोडला नाही. शिक्षणमंत्री झाले, कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात हाय कमिशनर झाले, तरी तेविसाव्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेचा शिक्का त्यांच्या नावामागे १९६६ साली मृत्यू येईपर्यंत आणि त्यानंतरही ‘रँग्लर परांजपे’ म्हणून कायम राहिला. हे प्रेमाने झाले यात शंका नाही; पण साठसत्तर वर्षांचे कर्तृत्व एका उन्हाळ्याच्या निकालामागे उभे करण्याची ही आपली खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच यादीच्या वाटेवर सुमारे साठ वर्षे अगोदर एक दुसरा तरुण कोसळला होता. फ्रान्सिस गाल्टन हा डार्विनचा नातलग १८४० साली ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो मोठा रँग्लर होण्याच्या ईर्ष्येने. आणि तिसऱ्या वर्षी अतिश्रमाने त्याची नाडी अनियमित झाली, मस्तक थाऱ्यावर राहीना, अभ्यास सोडून घरी जावे लागले, आणि अखेर १८४४ मध्ये ऑनर्सचा नाद सोडून साध्या पदवीवर त्याला समाधान मानावे लागले. यापुढची हकीकत अधिक विलक्षण आहे. १८६९ मध्ये आनुवंशिक प्रतिभेवर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात मनुष्यामनुष्यांतील बुद्धीचे अंतर किती प्रचंड असते हे सिद्ध करण्यासाठी त्याने पुरावा म्हणून पुढे केले ते ट्रायपॉसचेच गुण: यादीच्या तळाशी असलेल्याला तीनशेहूनही कमी, आणि एका वर्षीच्या सीनियर रँग्लरला साडेसात हजारांहून अधिक. ज्या तराजूने त्याला हलके ठरविले, त्याच तराजूच्या सचोटीची त्याने आयुष्यभर ग्वाही दिली. मनुष्यजातीची निपज सुधारण्याच्या ज्या शास्त्राने विसाव्या शतकात अनर्थ केला त्याचे नामकरणही त्याचेच. आणि आज जेईई व सीईटी यांच्या निकालपत्रावर आमची मुले जो आकडा धडधडत्या अंतःकरणाने शोधतात, तो ‘पर्सेंटाइल’ हा शब्दही १८८५ साली गाल्टननेच रूढ केला. तरुणपणच्या अपयशामुळेच तो मापनाच्या मागे लागला, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो, कारण माणसांच्या मनाची अशी सोपी उपपत्ती लावणे हेही एक प्रकारचे गुणदानच आहे.

पण या आकड्याचे स्वरूप आपण पाहिले पाहिजे. पूर्वी ‘शंभरापैकी ऐंशी’ म्हटले म्हणजे ऐंशी गुणांचे उत्तर मला येत होते असा निदान अर्थ होई. नव्व्याण्णव पर्सेंटाइल या आकड्यातून मला किती येते हे कळत नाही. शंभरांपैकी सुमारे नव्व्याण्णव जण माझ्या मागे आहेत एवढेच कळते. हे माप प्रवेशाच्या जागा वाटण्यासाठी सोयीचे आहे, आणि जागा थोड्या व मागणारे फार असताना काहीतरी सोय लागतेच. तथापि जो मुलगा आपली किंमत या आकड्यात पाहावयास शिकला, त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या ठिकाणी उरत नाही, ती मागे राहिलेल्या इतरांवर अवलंबून राहते. त्यांनी उद्या अधिक अभ्यास केला तर याच्यात काडीचाही फरक न होता हा उतरतो. दहावीत तालुक्यात पहिला आलेला मुलगा पवईच्या आयआयटीत जातो, आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या लक्षात येते की वसतिगृहाच्या त्या मजल्यावरचा प्रत्येक जण कोठे ना कोठे पहिलाच होता. पहिल्यांच्या त्या मेळाव्यातही परीक्षा व्हावयाची आहे आणि कोणीतरी शेवटचा यावयाचा आहे. गणिताने हे अटळ आहे. पण ज्याला आजवर ‘पहिला’ याखेरीज स्वतःची दुसरी ओळखच नव्हती, त्याला ते गणित म्हणून दिसत नाही, आपण मुळातच खोटे होतो आणि आता ते उघडकीस आले असे दिसते.

हे समजले म्हणजे सुटका झाली, असे कोणी मानू नये. परांजप्यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, त्याच परीक्षेत पुढे नामांकित गणितज्ञ झालेला जी. एच. हार्डी चौथा आला. ही परीक्षा म्हणजे गणिताची विटंबना आहे असे त्याचे मत होते, आणि पुढे गुणानुक्रमाची यादी बंद करविण्याच्या चळवळीत तो अग्रेसर होता. १९०९ ची यादी शेवटची ठरली. परंतु त्याला जवळून ओळखणाऱ्या सी. पी. स्नो यांनी लिहून ठेवले आहे की शर्यत हास्यास्पद असली तरी ती आपण जिंकावयास हवी होती, ही रुखरुख हार्डीच्या मनातून गेली नव्हती. इतकेच नव्हे, तर उत्तरायुष्यात हा गृहस्थ गणितज्ञांना शंभरांपैकी गुण देत असे असे सांगतात: स्वतःला पंचवीस, सहकारी लिटलवूडला तीस, हिल्बर्टला ऐंशी आणि रामानुजनला शंभर. विद्यापीठाची यादी ज्याने बंद पाडली, त्याने खासगी यादी चालूच ठेवली! मला हे वाचून हार्डीविषयीचा आदर कमी झाला नाही, उलट धीर आला. एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसालाही जे केवळ विचाराने साधले नाही, ते सतरा वर्षांच्या मुलाला एका उपदेशाने साधावे ही आपली अपेक्षा किती अवाजवी आहे, ते यावरून कळते.

आपल्याकडे ही यादी कशी रुजली ते थोडक्यात सांगतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. रानडे आणि भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा म्हणजे ज्ञानाचा दाखला, आणि दाखला म्हणजे कचेरीतील नेमणुकीचा परवाना, असा सरळ व्यवहार सरकारी दप्तराने घालून दिला; मग संस्कृतात पहिला येणाऱ्याची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आली, आणि चिंतामणराव देशमुखांसारख्यांच्या नावामागे ती आजही सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर मंडळाची गुणवत्ता यादी आली आणि ‘बोर्डात येणे’ हा वाक्प्रचार घरोघर झाला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आईवडील मुलाला पेढा भरवीत आहेत असे छायाचित्र छापून आले नाही, असे एकही वर्ष त्या काळी गेले नाही. लातूरच्या महाविद्यालयांनी सरावाची जी पद्धत बसविली, तिला ‘पॅटर्न’ असे नाव पडून सर्व मराठवाड्याची व विदर्भाची मुले तिकडे लोटली, आणि मुंबई-पुण्याची मक्तेदारी मोडली याचा सार्थ अभिमान त्या भागाला वाटला. पुढे मंडळाने यादी काढणे बंद केले. निर्णय शहाणपणाचा होता. पण मंडळाच्या कचेरीतून उतरलेली यादी दुसऱ्याच दिवशी क्लासांच्या फलकांवर चढली, आणि पूर्वी विभागातून मोजकीच छायाचित्रे छापली जात तेथे आता प्रत्येक चौकात टपाल तिकिटांप्रमाणे चिकटविलेले शेकडो चेहरे दिसू लागले.

घरात काय होते, ते याहून बारकाईने पाहिले पाहिजे, कारण मूल आपली किंमत चौकात शिकत नाही, स्वयंपाकघरात शिकते. मुलगी शाळेतून येते. आई पानावर बसता बसता विचारते, ‘किती मिळाले?’ अठ्ठेचाळीस म्हटल्यावर बाबा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणतात, ‘दोन कुठे गेले?’ यात क्रौर्य मुळीच नसते, बहुधा विनोदच असतो, आणि आईबाप त्या मुलीवर जीव टाकीत असतात. पण पाहुण्यांपुढे तिला बोलावले जाते ते क्रमांक सांगण्यासाठी; मामाकडून कौतुक येते ते निकालाच्या दिवशी; आणि बरे नसताना, रुसलेली असताना, चित्रकलेत गोंधळ घातलेला असताना तिच्याभोवती तेवढे तेज जमत नाही, हे ती सहाव्या-सातव्या वर्षी न सांगता ताडते. मग ती प्रेम मिळविण्याचा एकच मार्ग पक्का करते, आणि त्यात तिला यश येत जाते, हेच तिचे दुर्दैव. नापास होणाऱ्याला ‘मी म्हणजे माझे गुण नव्हेत’ हा धडा परिस्थिती लवकर शिकविते. यशस्वी मुलाला तो शिकण्याची संधीच येत नाही. आणि जेव्हा येते, तेव्हा ती बहुधा घरापासून दूर, परक्या गावच्या एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत, एकदम आणि फार जड होऊन येते.

या मुलांच्या अवस्थेसाठी एक जुना दाखला देतो. मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत जमीन कसणारे दोन प्रकारचे होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. दुष्काळात त्याचा सारा थकला, किंवा तो गाव सोडून परागंदा झाला, तरी पुढे परत येऊन आपले शेत मागण्याचा त्याचा अधिकार गाव सहसा मान्य करी. उपरी कुळाचे तसे नव्हते. त्याचा करार मुदतीचा, आणि मुदत संपली की त्याचे त्या मातीशी नाते उरत नसे. यशस्वी मुलांपैकी पुष्कळांची अवस्था स्वतःच्याच घरात उपऱ्या कुळासारखी असते. पीक उत्तम येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. परंतु प्रत्येक जून महिन्यात आपला कौल नव्याने लिहून घ्यावा लागतो ही भीती त्यांच्या मनातून जात नाही. म्हणूनच त्यांना यशाचा आनंद पुरा भोगता येत नाही. निकाल लागला की सुटल्यासारखे वाटते, एवढेच. आणि सुटल्यासारखे वाटणे म्हणजे आनंद नव्हे.

अशा मुलाला आपण सांत्वनासाठी काय सांगतो? रामानुजन एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाला, त्याची कुंभकोणमची शिष्यवृत्ती गेली, आणि तोच पुढे १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल १८५४ च्या ट्रायपॉसमध्ये दुसरा आला, पहिला आलेला तो वर सांगितलेला राउथ, आणि आज जग कोणाला ओळखते ते पाहा! या गोष्टी खऱ्या आहेत आणि ऐकावयास गोड आहेत. पण त्यांचा मथितार्थ काय? तुझी या परीक्षेतील हार मनाला लावून घेऊ नकोस, कारण पुढच्या मोठ्या परीक्षेत तू जिंकशील. म्हणजे माप तेच. फक्त मापण्याची तारीख पुढे ढकलली. आणि जो रामानुजन नाही, मॅक्सवेल नाही, ज्याच्या नापास होण्यानंतर काहीही दिपवून टाकणारे घडणार नाही, त्याने काय करावे? त्याला या कथेत जागा नाही. अपयशी माणूस पुढे यशस्वी झाला म्हणून तो अपयशाच्या दिवशीही मोलाचा होता असे नाही. तो त्या दिवशी जितका मोलाचा होता, तितका पुढे काही झाले नसते तरी राहिला असता, हे म्हणण्याचे धैर्य आपल्याला होत नाही.

गीतेतील जो श्लोक अशा प्रसंगी हटकून म्हटला जातो तो मी म्हणणार नाही, कारण तो म्हणून झाल्यावर त्याच सभेत गुणवंतांना बक्षिसे वाटताना मी अनेकांना पाहिले आहे. त्यापेक्षा गेल्या शतकातील अमेरिकन मानसोपचारज्ञ अल्बर्ट एलिस यांचे म्हणणे मला अधिक कामाचे वाटते, आणि मराठी वाचकांना ते आता अपरिचित राहिलेले नाही. मुलांचा आत्मगौरव वाढवावा असे सगळे म्हणत असता हा माणूस म्हणत होता की आत्मगौरव हीच व्याधी आहे. तुमच्या कृतीला गुण द्या, निबंध वाईट होता असे म्हणा, गणित चुकले असे म्हणा. पण ज्याने निबंध लिहिला त्या समग्र माणसाला एक आकडा देऊ नका, चांगलाही देऊ नका. कारण चांगला आकडा स्वीकारला की वाईट आकडा देण्याचा अधिकारही त्याच हातात जातो. १९९८ साली म्युलर आणि ड्वेक या दोघींनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांपैकी काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू चांगली मेहनत केलीस’ असे म्हटले; पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर हुशार म्हणून गौरविलेली मुले अधिक खचली, आणि आपले गुण इतरांना सांगताना वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. स्तुती मुलांना लबाड करते असा याचा अर्थ नव्हे. ज्याची किंमत आकड्यात गहाण पडली आहे, त्याला आकडा सोडवून आणावाच लागतो, मग कसाही.

येथवर मी जे बोललो त्याला एक प्रबळ आक्षेप आहे, आणि तो सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेल्या काही तरुणांच्या मनात आला असेल तर ते योग्यच आहे. ‘गुणांना महत्त्व देऊ नका’ हे सांगणे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दौत आणि दाखले आहेत त्यांना परवडते. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, जेथे जन्माने माणसाची किंमत ठरवून टाकली होती आणि ती शून्य ठरविली होती, तेथे गुणपत्रिका हा पहिला असा कागद आहे की ज्यावर जात पाहून आकडा लिहिलेला नसतो. निदान लिहिलेला नसावा. तो कागद त्या घराने छातीशी धरला तर त्यात मोह नाही, न्याय आहे. मघाच्या माझ्या मिरासदाराचाही येथे पुनर्विचार केला पाहिजे, कारण मिरास कोणाला मिळावी हे गावाच्या जुन्या व्यवस्थेत जन्मानेच ठरत असे, आणि महार वतनाच्या नावाखाली जे वाट्याला आले ते वतन होते की वेठ, याचे उत्तर आपल्या सर्वांना माहीत आहे.

परंतु या आक्षेपाचे उत्तरही त्याच बाजूने मिळते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. परीक्षेतील यशाला त्या दिवशी जो अर्थ होता तो कोणीही हिरावून घेऊ नये. मग बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ, लंडन. आणि १९१७ मध्ये करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत हजर झाले तेव्हा या विद्वानाला त्या शहरात राहावयास घर मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात आश्रय घेतला, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परीक्षांत तोवर पुष्कळ मिळवून झाले होते. त्या सर्व यशाने मिळून एका रात्रीचा निवारा मिळवून दिला नाही. गुणवत्ता सिद्ध केली की जग माणूस म्हणून मान्यता देईल, या समजुतीची इतकी कठोर परीक्षा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच आली असेल.

आता दहा वर्षांनंतरची गोष्ट पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारो लोकांसह गेले. तोवर लंडनची डी.एस्‌सी. पदवी होती, बॅरिस्टरीची सनद होती. त्यांनी असे म्हटले नाही की मी इतका शिकलो, म्हणून मला पाणी भरू द्या. किंवा माझ्या लोकांना शिकू द्या, ते गुणवंत झाले म्हणजे तळे खुले करा. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांना बरोबर घेऊन ते पाण्याकडे गेले, आणि मागणी होती ती माणूस म्हणूनच्या हक्काची, कोणत्याही कर्तबगारीच्या आधीच्या हक्काची. ज्या माणसाजवळ कर्तबगारीचे इतके दाखले होते त्यानेच ते दाखले या कामी पुढे केले नाहीत, याचा आपल्या शिक्षणव्यवहाराने पुरेसा विचार केलेला नाही. आणि म्हणून अभ्यास सोडला असेही झाले नाही. ग्रंथांवरचे त्यांचे प्रेम आणि रात्र रात्र चाललेले वाचन आपण जाणतो. किंमत आधी ठरलेली असली तर मनुष्य आळशी होईल, ही भीती अनाठायी आहे. अर्ज करण्यासाठी जो वाचतो त्यापेक्षा हक्काने जो वाचतो तो अधिक वाचतो.

मुलांना यश आणि किंमत यांची ही फारकत शिकवावयाची कशी, याची मजजवळ तयार योजना नाही. काही गोष्टी मात्र साध्या आहेत. ज्यात क्रमांक लागत नाही असे एखादे काम प्रत्येक हुशार मुलाच्या वाट्याला आवर्जून आले पाहिजे: आजीला वर्तमानपत्र वाचून दाखविणे, गल्लीतील लहान मुलाला पाढे शिकविणे, आणि विशेषतः आपल्याला न येणारे काहीतरी, न येतच, बराच काळ करीत राहणे. संवादिनीवर बोटे अडखळणारी, पोहताना पाणी पिणारी वर्गातील पहिली मुलगी मला फार आशादायक वाटते. आईबापांनी ‘किती मिळाले’ हा प्रश्न टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही, कारण ते टाकणार नाहीत. पण ‘आज वर्गात काय कळले नाही’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारावा. शिक्षकांनी उत्तम उत्तराची स्तुती करताना उत्तराचीच करावी, वर्गाकडे वळून ‘याच्यासारखे व्हा’ असे म्हणू नये. त्या दोन शब्दांनी एकाचे मन भीतीने आणि बाकीच्यांचे द्वेषाने भरते. आणि विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते एवढेच की तुमची स्पर्धा तुमच्याशी आहे, असे जे सुभाषित भिंतीवर लिहिलेले असते त्यावरही फारसा विश्वास ठेवू नका. स्वतःशी स्पर्धा ही तर चोवीस तास चालणारी स्पर्धा आहे, तिच्यात मध्यंतरही होत नाही.

जाता जाता चालकांना एक विनंती करतो, ती औद्धत्य वाटल्यास क्षमा असावी. ही संस्था दरवर्षी जून-जुलैमध्ये गुणगौरव समारंभ करते, आणि तो बंद करावा असे मला मुळीच वाटत नाही. मुलांना शाल, नारळ व पुस्तक मिळाल्याने त्यांचे काही वाईट होत नाही. माझी सूचना एवढीच की ज्यांचा गौरव पाच वर्षांपूर्वी झाला त्या सर्वांना त्याच समारंभास पुन्हा बोलवावे: जे डॉक्टर झाले त्यांना, ज्यांनी अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडली त्यांना, आणि जे घरी बसून शेती किंवा दुकान पाहतात त्यांनाही. त्यांना व्यासपीठावर बसवू नये, त्यांच्या प्रगतीचा अहवाल विचारू नये. चहा द्यावा. नव्या गुणवंतांना त्यांच्या शेजारी बसवावे आणि तासभर बोलू द्यावे. खर्च फारसा नाही. निमंत्रणपत्रिकेवर कोणाच्या नावापुढे टक्के छापावयाचे नाहीत एवढी दक्षता कार्यवाहांनी घ्यावी, म्हणजे झाले.